दोन लिटर पेट्रोलचे ब्रह्मास्त्र

संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या शास्त्रज्ञांनी १३ एप्रिल २०२५ रोजी आंध्र प्रदेशातील कर्नूलच्या चाचणी-क्षेत्रावर, वाहनावर बसविलेल्या ३० किलोवॅट शक्तीच्या लेसर अस्त्राने एक मानवरहित विमान पाडले आणि लहान ड्रोनांचा थवाही निकामी करून दाखविला. या कामगिरीचे कौतुक करण्यात आम्ही कोणाच्याही मागे नाही. अमेरिका, रशिया, चीन अशा मोजक्या राष्ट्रांच्या पंक्तीला भारत जाऊन बसला असे त्या वेळी सांगण्यात आले, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. तथापि त्या सरकारी निवेदनातील ज्या वाक्याने आमचे लक्ष वेधून घेतले, ते या पंक्तीविषयी नसून पैशाविषयी होते. हे अस्त्र काही सेकंद चालविण्यास दोनेक लिटर पेट्रोलच्या किमतीएवढा खर्च येतो, असे ते वाक्य. पणजीच्या मोटारसायकल-पायलटलाही चटकन उमजावी अशी ही भाषा आहे, आणि म्हणूनच तिच्यापाशी जरा थांबले पाहिजे. हा दोन लिटरांचा हिशेब खोटा नाही. तो अपुरा आहे, आणि अपुऱ्या हिशेबावर देशाने वह्या बंद करू नयेत एवढेच आम्हांला आज सांगावयाचे आहे.

या हिशेबाचे आकर्षण कोणालाही का वाटावे, हे आधी समजून घेणे न्यायाचे होईल. कर्नूलच्या चाचणीला महिनाही लोटला नव्हता, तोच ८ मेच्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी सुमारे ३०० ते ४०० ड्रोन धाडले, असे सरकारनेच दुसऱ्या दिवशी जाहीर केले. आपल्या हवाई संरक्षणाची चाचपणी करणे हा त्यामागील हेतू असावा, असा तर्कही त्याच वेळी मांडण्यात आला. त्याच्याही आधी, नोव्हेंबर २०२३ पासून, येमेनच्या हूती बंडखोरांनी तांबड्या समुद्रातील व्यापारी जहाजांवर ड्रोन व क्षेपणास्त्रे सोडण्यास प्रारंभ केला होता. ज्या गोव्यातील अनेक घरांचे कर्ते पुरुष परदेशी जहाजांवर खलाशी म्हणून जातात, त्या गोव्याला ही बातमी दूरची वाटण्याचे कारण नव्हते. काही हजार डॉलरांत तयार होणारे यान पाडण्यासाठी अमेरिकन युद्धनौकांना वीस लाख डॉलरांच्या घरातील क्षेपणास्त्र खर्ची घालावे लागे. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही आपली म्हण येथे अगदीच थिटी पडते. असा व्यवहार श्रीमंत राष्ट्रालाही फार दिवस परवडत नाही. मग आपली काय कथा! तेव्हा दारूगोळा संपत नाही, वीज आहे तोवर मारा करता येतो आणि प्रत्येक माऱ्याला किरकोळ खर्च येतो, असे अस्त्र कोणत्याही सेनापतीला हवेच असणार.

येथे एका गोष्टीचा उल्लेख करणे भाग आहे. १५ ऑगस्ट २०२५ रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून ‘सुदर्शन चक्र’ या नावाच्या संरक्षण-योजनेची घोषणा केली. ती २०३५ पर्यंत सिद्धीस न्यावयाची आहे. त्यानंतर आठच दिवसांनी ओडिशाच्या किनाऱ्यावर दोन प्रकारची क्षेपणास्त्रे आणि लेसर अस्त्र एकाच व्यवस्थेत गुंफून चाचणी घेण्यात आली. नाव उत्तम आहे. परंतु अशी नावे दिली की आमच्यातील काही उत्साही मंडळींना लगेच आग्नेयास्त्र म्हणजे लेसरच होते असा साक्षात्कार होऊ लागतो. महाभारताचा आम्हांला जो अभिमान आहे तो त्यातील माणसांसाठी, तेथे यंत्रांचे आराखडे सापडतात म्हणून नव्हे. भाभा अणुसंशोधन केंद्रातील ‘काली’ नावाच्या इलेक्ट्रॉन-प्रवेगकाविषयी वर्षानुवर्षे ज्या अद्भुत कथा पसरल्या, त्यांचाही उगम याच वृत्तीत आहे. ज्या यंत्राला लोक दैवी मानू लागतात, त्याच्याविषयी प्रश्न विचारणे पाखंड ठरते, आणि शस्त्रांच्या बाबतीत प्रश्न न विचारणे फार महाग पडते.

अभिमानच बाळगावयाचा, तर त्यासाठी अधिक सबळ आधार महाराष्ट्रात, बारामतीत आहे. १९६० च्या मे महिन्यात अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या स्फटिकातून पहिला लेसर किरण काढला. त्यानंतर अवघ्या चार वर्षांत, बारामतीत जन्मलेल्या आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन गेलेल्या कुमार पटेल यांनी बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर सिद्ध केला. तोवर लेसर हे प्रयोगशाळेतील कौतुक होते. पटेलांच्या लेसरने धातू कापता येऊ लागला, पुढे शस्त्रक्रियाही होऊ लागल्या, आणि लेसरचे शस्त्र करता येईल ही कल्पना लष्करी वर्तुळात प्रथमच गांभीर्याने घेतली जाऊ लागली. या पटेलांनी पुढे जे केले, ते आम्हांला त्यांच्या शोधाइतकेच मोलाचे वाटते.

२३ मार्च १९८३ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी शत्रूची अण्वस्त्रे वाटेतच नष्ट करणारे कवच उभारण्याची घोषणा केली. ‘तारायुद्ध’ या उपहासाच्या नावाने ती जगभर गाजली. अंतराळातील लेसर, कणांचे झोत, अणुस्फोटाच्या बळावर चालणारे क्ष-किरणांचे लेसर अशा कल्पनांवर पैसा पाण्यासारखा वाहू लागला. तेव्हा अमेरिकेतील भौतिकशास्त्रज्ञांच्या संस्थेने एक अभ्यासगट नेमला आणि त्याचे सह-अध्यक्षपद नोबेल पारितोषिक विजेते ब्लोएम्बर्गन यांच्याबरोबर कुमार पटेल यांच्याकडे सोपविले. १९८७ मध्ये या गटाने अहवाल प्रसिद्ध केला. ही अस्त्रे उपयोगी पडतील की नाही हे नुसते ठरविण्याइतके ज्ञान मिळवावयासच दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ कसून संशोधन करावे लागेल, असे त्यात स्वच्छ सांगितले होते; रासायनिक लेसरची शक्ती किमान शंभर पटींनी वाढवावी लागेल, असा हिशेबही मांडला होता. सत्ताधाऱ्यांच्या उत्साहाला शास्त्रज्ञांनी आकड्यांनी उत्तर दिले, आणि त्यांत असा एक माणूस होता की ज्याच्या स्वतःच्या शोधाला त्या उत्साहामुळे मोठेपणाच मिळत होता. अशी माणसे आज आपल्या समित्यांवर बसतात काय, हे आम्हांला जाणून घ्यावयास आवडेल.

अहवालाचे शब्द काळाने खरे केले. तारायुद्धाचे कवच उभे राहिले नाही. १९९३ मध्ये त्या कार्यक्रमाचे नावच बदलण्यात आले. एका जंबो जेट विमानाच्या नाकात रासायनिक लेसर बसविण्याचा उद्योग मात्र पुढे बरीच वर्षे चालला. फेब्रुवारी २०१० मध्ये त्या विमानाने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यानजीक एक क्षेपणास्त्र पाडूनही दाखविले. तरीसुद्धा २०११ च्या अखेरीस तो प्रकल्प गुंडाळण्यात आला आणि २०१४ मध्ये विमान मोडीत निघाले. पाच अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम त्यात गेली होती. चाचणी तर यशस्वी झाली होती, मग अपयश कशात आले? अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री गेट्स यांनीच ते सांगून टाकले होते. किरणाचा पल्ला इतका अपुरा की विमानाला शत्रूच्या सरहद्दीच्या आत घिरट्या घालत बसावे लागले असते! चाचणी यशस्वी होणे आणि शस्त्र उपयोगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिकावयास अमेरिकेला पाच अब्ज डॉलर पडले. आपल्याला ते फुकट शिकता येण्यासारखे आहे.

त्यानंतर चित्र पालटले ते दोन कारणांनी. महत्त्वाकांक्षा लहान झाली आणि यंत्र सुटसुटीत झाले. आता लक्ष्य अण्वस्त्र नव्हे, ड्रोन. आणि विषारी रसायनांच्या टाक्यांऐवजी काचेच्या बारीक तंतूंतून निघणारा, विजेवर चालणारा किरण. अमेरिकन नौदलाने २०१४ मध्ये इराणच्या आखातातील ‘पाँस’ या जहाजावर जे ३० किलोवॅटचे अस्त्र बसविले, ते कारखान्यांत पत्रे जोडण्यासाठी बाजारात मिळणारे सहा लेसर एकत्र करून बनविलेले होते. ब्रिटनच्या ‘ड्रॅगनफायर’ने जानेवारी २०२४ मध्ये स्कॉटलंडच्या बेटांवर हवेतील लक्ष्ये टिपली; माऱ्याला दहा पौंड खर्च, असे तेथेही सांगण्यात आले. इस्रायलने १०० किलोवॅट वर्गातील ‘आयर्न बीम’ २०२५ च्या अखेरीस सैन्याच्या हवाली केले. ही प्रगती खरी आहे आणि तिच्याकडे पाठ फिरवून बसणे शहाणपणाचे नाही. समुद्रातून आलेल्या परक्याच्या तोफा आपल्या तोफांपेक्षा लांब पोचल्या म्हणजे काय होते, हे १५१० पासून साडेचारशे वर्षे या भूमीने सोसले आहे.

आता दोन लिटरांच्या हिशेबाकडे वळू. तीस किलोवॅट म्हणजे घरातील दहा-पंधरा गीझरांची एकवटलेली शक्ती. ती एखाद्या नाण्याएवढ्या ठिपक्यावर काही सेकंद स्थिर धरली की ड्रोनचे कवच वितळते, आतील तारा जळतात. पण तंतू-लेसरला पुरविलेल्या विजेपैकी साधारण एक तृतीयांशच किरणात उतरते; उरलेल्या विजेची उष्णता होते आणि ती तत्काळ काढून टाकावी लागते. म्हणजे जनित्र आले, शीतकरणाची यंत्रणा आली, धुळीचा एक कण बसला तरी बिघडणारे आरसे आले, वाहनाच्या हादऱ्यांतही लक्ष्यावरून न ढळणारी दुर्बीण आली आणि हे सारे सांभाळणारे कुशल हात आले. अमेरिकेने ५० किलोवॅटची अस्त्रे चिलखती गाड्यांवर बसवून वाळवंटात पाठविली. उष्णता, नाजूक विद्युत-उपकरणे आणि सततची झीज यांमुळे हे काम जड जात आहे, असे मे २०२४ मध्ये त्यांच्याच सैन्याच्या खरेदी-प्रमुखाने सिनेटच्या समितीला सांगितले. शिवाय किरण एका वेळी एकाच लक्ष्यावर धरता येतो आणि तो सरळ रेषेतच जातो. डोंगराआड किंवा क्षितिजाखाली त्याचे काही चालत नाही. सारांश, तोफा आणि क्षेपणास्त्रे ठेवावीच लागणार, आणि लेसर हा त्यांच्या जोडीचा नवा खर्च असणार. दोन लिटर पेट्रोल म्हणजे मोटारीचे पेट्रोल झाले. मोटारीची किंमत अजून कोणी सांगितलेली नाही.

परंतु आमच्या वाचकांच्या दृष्टीने याहून मोठा प्रश्न पावसाचा आहे. कर्नूल हा रायलसीमेचा कोरडा मुलूख, आणि चाचणी झाली ऐन एप्रिलात. हे अस्त्र उपयोगाचे ठरावयाचे तर ते ज्या ठिकाणी लागेल त्यांत कारवारचा नौदल-तळ आहे, दाबोळीचा ‘हंसा’ विमानतळ आहे, वास्कोची जहाज-गोदी आहे आणि मुंबईपर्यंतची सारी बंदरे आहेत. या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत काय असते ते आम्ही सांगावयास नको. गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा याच दिवसांत. या लेसरचा प्रकाश म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या तांबड्या प्रकाशाच्या किंचित पलीकडचा. धुके, पावसाचे थेंब, समुद्रावरची खारट वाफ यांच्यापुढे त्याची गत साध्या प्रकाशासारखीच होते. आषाढातल्या एखाद्या दुपारी दोना पावलाच्या जेटीवर उभे राहून समोर पाहावे. सर आली की पलीकडचे मुरगाव बंदर पुसल्यासारखे नाहीसे होते. डोळ्यांना बंदरातील जहाज दिसत नाही, तेथे धातू वितळविण्याइतका प्रकाश पोचेल अशी आशा कोणी बाळगू नये.

पाऊस नसला तरी अडचणी आहेतच. मे महिन्यात डांबरी रस्त्यावर हवा जशी थरथरताना दिसते, तशीच ती तापलेल्या किनाऱ्यावर आणि पाण्यावर थरथरते व किरणाचा ठिपका पसरविते. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, प्रबळ किरण ज्या हवेतून जातो ती हवा त्याच्याच उष्णतेने तापते, विरळ होते आणि विखुरणाऱ्या भिंगासारखी वागू लागते. म्हणजे शक्ती वाढवावी तो किरण स्वतःच्याच वाटेत अडथळा निर्माण करतो! दमट हवेत हा दोष वाढतो. प्रतिवादी म्हणतील की वादळी पावसात लहान ड्रोन तरी कोठे उडतात? हे काही अंशी खरे आहे. पण लांब पल्ल्याची मोठी याने उडतात आणि पाण्यालगत येणारे जहाजभेदी क्षेपणास्त्र तर पावसाला मुळीच जुमानीत नाही. ज्यांच्यावर पावसाचा प्रभाव कमी, अशी सूक्ष्मलहरींची अस्त्रेही आहेत. ती ड्रोनमधील विद्युत-मंडले जाळतात. त्यांच्याकडे आपले किती लक्ष आहे, हाही विचारण्याजोगा प्रश्न आहे. तूर्त आमची मागणी साधी आहे. याच अस्त्राची चाचणी कारवार किंवा मुरगाव येथे, समुद्राच्या तोंडावर, जुलै महिन्यात व्हावी. एक दिवस नव्हे, महिनाभर. किती दिवस ते चालले आणि किती दिवस आंधळे होऊन बसले, हे आकड्यांत मांडले जावे. गुप्ततेची सबब असेल, तर ते आकडे निदान संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे तरी ठेवावेत. शत्रूला आपला पावसाळा ठाऊक आहे. तो काही लष्करी गुपित नव्हे.

स्वस्ताईच्या हिशेबातील शेवटची रक्कम पैशांत मोजता येत नाही. या किरणाचा आवाज होत नाही, धूर निघत नाही आणि तो दिसतही नाही. दिसत नसल्यामुळे डोळ्याची पापणी आपोआप मिटत नाही, आणि किरण मात्र थेट दृष्टिपटलापर्यंत पोचतो. धातूवरून परावर्तित झालेली त्याची तिरीपसुद्धा दूरच्या माणसाच्या डोळ्याला अपाय करू शकते. १३ ऑक्टोबर १९९५ रोजी व्हिएन्नात झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने, माणसाला कायमचे आंधळे करण्यासाठीच बनविलेल्या लेसर अस्त्रांवर बंदी घातली, आणि भारत त्या कराराशी बांधलेला आहे. वापराआधीच बंदी घातली गेली अशी शस्त्रे इतिहासात फार थोडी, आणि त्याबद्दल त्या वाटाघाटी करणाऱ्यांना श्रेय दिले पाहिजे. पण अन्य लष्करी कामाच्या ओघात कोणाची दृष्टी गेली, तर त्याला हा करार लागू होत नाही. या फटीतून काय काय शिरते ते दिसू लागले आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या टेहळणी विमानावर चिनी युद्धनौकेने लेसर रोखला. ते विमान ज्या जातीचे, त्याच जातीच्या विमानांचे भारतीय पथक त्याच वर्षीच्या मार्चमध्ये दाबोळीत स्थापन झाले. पुढील वर्षी फिलिपीन्सच्या तटरक्षक बोटीवरील माणसांचे डोळे चिनी तटरक्षकांच्या लेसरने काही काळ दिपले. उद्या आमच्या समुद्रात हेच घडले, तर त्या वेळी तेथे केवळ नौदल नसेल, मालवणपासून कारवारपर्यंतचे मच्छीमारही असतील.

आणखी एक उपयोग आहे, त्याचा विचार करताना आम्ही अस्वस्थ होतो. अमेरिकेने मिलिमीटर लहरींचे एक यंत्र बनविले आहे. त्याचा झोत अंगावर पडला की कातडी भाजल्यासारखी वेदना होते आणि माणूस पळ काढतो. मागे सहसा खूण राहत नाही. ते २०१० मध्ये अफगाणिस्तानात नेले आणि न वापरताच परत आणले. पण जून २०२० मध्ये वॉशिंग्टनमध्ये निदर्शने चालू असताना असले यंत्र हाताशी आहे काय अशी विचारणा झाली होती, असे नॅशनल गार्डच्या एका अधिकाऱ्याने काँग्रेसच्या समितीला लेखी कळविले. यंत्र त्यांच्यापाशी नव्हते, म्हणून तो विषय तेथेच थांबला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीच्या आणि इतर सीमांवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. वीसांहून अधिक सत्याग्रही धारातीर्थी पडले. त्या गोळ्यांचा आवाज साऱ्या जगाने ऐकला, कारण गोळीला आवाज असतो, जखम असते, पाठीमागे प्रेत राहते आणि सालाझारलाही ते लपविता आले नाही. त्या दिवशी सीमेवर बंदुकांऐवजी असे मुके यंत्र उभे असते, तर सत्याग्रही नुसतेच पांगले असते आणि वृत्तपत्रांना लिहावयास काही उरले नसते. आपल्या सरकारचा असा काही बेत आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु सीमेवरच्या ड्रोनसाठी घेतलेले तंत्र कधीही नागरिकांच्या जमावावर वापरले जाणार नाही, असा लेखी नियम आजच करून ठेवण्यास कोणाची हरकत असावी? यंत्र कोठारात येऊन पडल्यावर असे नियम होत नसतात.

गोव्यातून लोकसभेत दोन आणि राज्यसभेत एक असे तीन सदस्य दिल्लीस जातात. खनिज, पर्यटन आणि म्हादईचे पाणी यांविषयी ते बोलतात, ते योग्यच आहे. यांपैकी कोणीही पुढील अधिवेशनात संरक्षणमंत्र्यांना एक अतारांकित प्रश्न विचारावा: लेसर अस्त्राची पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात चाचणी झाली आहे काय, नसल्यास केव्हा होणार, आणि माणसांविरुद्ध त्याच्या वापराचे नियम कोणते? अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. ते मिळाले की आम्ही याच स्तंभात शब्दशः छापू.